कागदावर न बसलेले चिलट

वाचकहो, गेल्या मार्गशीर्षातली ती सकाळ होती. दवाखाना उघडायला तासभर अवकाश होता. ओसरीवर कोवळे ऊन आले होते आणि चहाचा पेला शेजारी ठेवून मी वर्तमानपत्र वाचत होते. वाचता वाचता कागदावर एक चिलट येऊन बसले. मी हाताने ते वारले, पण ते उडाले नाही. मी पुढच्या ओळीकडे वळले तसे तेही वळले. चष्मा काढून पदराने पुसला, तरी ते तिथेच. समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिले, तेव्हा ते कागदावरून भिंतीवर गेले. मग मी एकेक डोळा झाकून पाहिला आणि उमगले, की ते चिलट बाहेर कुठेच नव्हते. ते माझ्या उजव्या डोळ्यात होते.

माझे वय ५४. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी २७ वर्षे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. डोळ्यांपुढे माशी, केस, कोळ्याचे जाळे, धुराची रेघ किंवा काळे ठिपके तरंगताना दिसतात, अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण मी शेकड्यांनी पाहिले असतील. त्यांना धीर देण्याची वाक्येही मला पाठ आहेत. पण त्या सकाळी त्यांतले एकही वाक्य माझ्या उपयोगी पडले नाही. रात्री दिवा मालवल्यावर त्याच डोळ्याच्या बाहेरच्या कडेला विजेसारखी एक बारीक रेघ चमकून गेली, तेव्हा तर मी अंथरुणात उठूनच बसले.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा अनुभव कुणाला ना कुणाला आला असेल, म्हणून आधी त्यामागची शरीररचना सांगते. डोळ्याच्या बुबुळामागे भिंग असते आणि डोळ्याच्या अगदी मागच्या भिंतीवर दृष्टिपटल, म्हणजे ज्याला आपण बोलीत डोळ्याचा पडदा म्हणतो तो, अस्तरासारखा पसरलेला असतो. या दोहोंमधल्या पोकळीत एक पारदर्शक, मुरंब्याच्या पाकाहून थोडा घट्ट असा गर भरलेला असतो. त्याला काचद्रव म्हणतात. तो जेमतेम ४ मिलिलिटर, चमचाभराहूनही कमी असतो. त्यात जवळजवळ सगळे पाणीच असते. उरलेल्या अंशात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म तंतू असतात आणि त्या तंतूंमुळेच तो गर आपला आकार धरून राहतो.

वय वाढते तसा हा गर पातळ होऊ लागतो. तंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या आणि दोऱ्या होतात. प्रकाश आत आला, की त्यांची सावली दृष्टिपटलावर पडते. आपल्याला दिसते ती ही सावली. नजर फिरवली, की आतला द्रव हिंदकळतो आणि सावलीही हलते. तिच्याकडे नीट पाहायला जावे तर ती निसटते, कारण ती नजरेबरोबरच चालते. भर उन्हात, आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहताना ती अधिक ठळक दिसते, कारण उजेडात डोळ्याची बाहुली लहान होते आणि सावलीच्या कडा रेखीव होतात. इंग्रजीत यांना फ्लोटर्स म्हणतात. जुन्या लॅटिन वैद्यकात यांचे नाव ‘उडत्या माश्या’ अशा अर्थाचे होते. म्हणजे माझ्यासारखे हात वारणारे पूर्वीही पुष्कळ होते.

पुढे, बहुधा पन्नाशी-साठीनंतर, एक वेळ अशी येते, की हा आक्रसलेला गर दृष्टिपटलापासून सुटून पुढे येतो. ही वार्धक्यातली नैसर्गिक घडामोड आहे, केस पिकण्यासारखी. ज्यांच्या चष्म्याला मोठा मायनस नंबर आहे, त्यांच्यात ती लवकर घडते. माझा नंबर शाळेपासूनचा. सुटताना तो गर दृष्टिपटलाला किंचित ओढतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्याला एकच भाषा येते, प्रकाशाची. म्हणून ओढ बसली, की आपल्याला दुखत नाही, तर काजवे चमकतात. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच संपते. परंतु अशी लक्षणे अचानक सुरू झालेल्या शंभर जणांपैकी साधारण १० ते १५ जणांच्या दृष्टिपटलाला त्या ओढीने फाट पडते. त्या फटीतून पातळ झालेला द्रव मागे शिरला, तर भिंतीवरचा रंगाचा पापुद्रा सुटावा तसे दृष्टिपटल सुटू लागते. फाट वेळेवर सापडली, तर लेसरने तिच्याभोवती डाग देऊन कुंपण घालता येते. ते काम बहुधा बाह्यरुग्ण विभागातच, थोड्या वेळात होते. दृष्टिपटल सुटल्यावर मात्र मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि मध्यभागीचा पीतबिंदू सुटण्याआधी ती झाली तर नजर राखली जाण्याची आशा अधिक असते.

हे सगळे मला ठाऊक होते. तरीही मी उठून बसले, त्याचे कारण माझ्या स्मरणात होते, आणि ते कारण सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

११ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक रक्तदाब तपासायला दर महिन्याला माझ्याकडे येत. सगळे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही. त्यांच्या पत्नीला काचबिंदूमुळे फार कमी दिसते. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर गुरुजी त्यांना तासभर वाचून दाखवीत. वर्तमानपत्र, एखादे चरित्र, नातवाचे पत्र, जे असेल ते. त्या दिवशी रक्तदाबाचा पट्टा सोडताना ते म्हणाले, “डॉक्टरबाई, दोन दिवस झाले, डाव्या डोळ्यापुढं काळी भुरभुर दिसतीय. खलबत्त्यात मिरी कुटताना उडावी तशी.”

बाहेर तीस माणसे बसली होती. मी मान वर न करता म्हटले, “वयाप्रमाणे होतं गुरुजी. काही नसतं त्यात.” आणि गोळ्या लिहून दिल्या.

मी त्यांना विचारायला हवे होते, की काजवे चमकतात का. विचारायला हवे होते, की कडेने सावली आल्यासारखी वाटते का. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या त्याच डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यानंतर दृष्टिपटल सुटण्याचा धोका वाढतो, हे माझ्या नोंदवहीत आणि माझ्या डोक्यात, दोन्हीकडे होते. मी दोन्ही उघडून पाहिले नाही. नवव्या दिवशी ते पुन्हा आले. म्हणाले, “नाकाच्या बाजूनं कुणी पडदा ओढत आणल्यासारखं झालंय.” त्याच दुपारी त्यांना शहरात पाठवले. शस्त्रक्रिया झाली, दृष्टिपटल जागेवर बसले. पण पीतबिंदू आधीच सुटला होता. त्या डोळ्याला आज माणसाची आकृती दिसते, अक्षर दिसत नाही.

गुरुजींनी मला कधी बोल लावला नाही. पुढच्या महिन्यात ठरल्या दिवशी रक्तदाब तपासायला आले. मी क्षमा मागितली तेव्हा म्हणाले, “मीही नऊ दिवस थांबलोच की. तुम्ही काही नसतं म्हणालात ते मला हवंच होतं.” त्या वाक्याने माझे ओझे हलके झाले नाही. उलट मला नेमके कळले, की रुग्ण आपल्याकडे एका विशिष्ट उत्तराची आशा धरून येतो आणि घाईतला डॉक्टर तेच उत्तर त्याच्या हाती ठेवून मोकळा होतो.

तर त्या रात्री अंथरुणात मला गुरुजींचा पडदा आठवत होता. सकाळी दवाखान्याच्या दाराला कडी घालून मी शहरातल्या नेत्रतज्ज्ञांकडे गेले. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून मला बाकावर बसवले. माझ्या डावीकडे एक आजी डोळे मिटून जप करीत होत्या. उजवीकडे एक तरुण आपल्या वडिलांना परत परत सांगत होता, “अण्णा, डोळे चोळू नका.” मी रुग्ण म्हणून अशी बाकावर बसले त्याला बरीच वर्षे झाली होती. डॉक्टरांनी डोक्याला दिव्याची टोपी लावली, हातात भिंग धरले, वर बघा, खाली बघा, कडेला बघा असे सांगत दृष्टिपटलाचा काठन् काठ तपासला. सन १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे आणले. त्याआधी जिवंत माणसाचे दृष्टिपटल कुणी असे न्याहाळू शकत नव्हते. त्या झगझगीत उजेडात डोळ्यांतून पाणी येत असताना माझ्या मनात त्या माणसाविषयी कृतज्ञता दाटली होती.

“गर सुटला आहे. फाट कुठेही नाही,” ते म्हणाले. “सहा आठवड्यांनी पुन्हा बघू. मधल्या काळात ठिपके एकदम वाढले, काजवे वाढले, पडदा आल्यासारखा वाटला किंवा नजर कमी झाली, तर दिवस-रात्र न बघता या.”

वाचकहो, डोळ्याची कथा इथे संपायला हवी होती. पण भीतीची कथा इथून सुरू झाली. ते सहा आठवडे मी ज्या रीतीने काढले, ते सांगायला संकोच वाटतो. न्हाणीघरातल्या पांढऱ्या फरशीपुढे उभी राहून मी ठिपके मोजू लागले. सकाळी सात, दुपारी आठ. आठवा नवा की जुनाच? फ्रिजचे दार, रुग्णाची पांढरी टोपी, आभाळ, जे जे पांढरे दिसेल ते माझी तपासणीची पाटी झाले. रात्री दिवा मालवून मी मुद्दाम डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवी, काजवा चमकतो का ते पाहण्यासाठी; आणि चमकला, की झोप उडे. नेत्रतज्ज्ञांना तीनदा दूरध्वनी केला. त्यांनी तिन्ही वेळा शांतपणे तेच सांगितले, आणि तिन्ही वेळा तो दिलासा संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. यजमान रोज सकाळी काळजीने विचारीत, “आज कसं आहे?” आणि त्यांनी विचारले, की मी पुन्हा भिंतीकडे बघे. मी पुस्तक हाती धरणेही सोडले होते.

चौथ्या आठवड्यात गुरुजी रक्तदाब तपासायला आले. आता ते ८० वर्षांचे आहेत. बोलता बोलता मी खिडकीबाहेर आभाळाकडे पाहिले, पुन्हा पाहिले. त्यांनी विचारले, “डॉक्टरबाई, काय हुडकताय?” मी त्यांना सगळे सांगितले. खरे तर त्यांनाच सांगायचे मी टाळत आले होते. ते ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, “दिवसातून किती वेळा बघता?” मी म्हटले, “मोजलं नाही. तीस-चाळीस वेळा.” ते म्हणाले, “मग ती तपासणी नव्हे, तो चाळा झाला. शाळेत पोरं जखमेची खपली काढून बघायची, बरी झाली का म्हणून. तसं.”

त्याच संध्याकाळी मी माझ्या एका वर्गमैत्रिणीशी बोलले. ती मानसोपचार तज्ज्ञ आहे. गुरुजींचे म्हणणे तिने शास्त्राच्या भाषेत सांगितले. प्रत्येक वेळी पाहिले, की क्षणभर बरे वाटते, आणि ते क्षणभराचे बरे वाटणेच पुन्हा पाहायला लावते. शिवाय या सावल्यांची एक खोड आहे. नेहमी तिथेच असणारी बिनकामाची गोष्ट नजरेआड करण्याची मेंदूला सवय असते. आपले नाक आपल्याला सतत कुठे दिसते? पण त्यासाठी मेंदूला ती गोष्ट बिनकामाची वाटावी लागते. आपण दिवसातून चाळीस वेळा तिला शोधत राहिलो, तर मेंदू तिला महत्त्वाची समजतो आणि अधिकच ठळक करून दाखवतो.

मग आम्ही दोघींनी मिळून एक नेम ठरवला. सकाळी दात घासून झाल्यावर, एकाच भिंतीपुढे, एकेक डोळा झाकून, मिनिटभर पाहायचे. मोजायचे नाही. फक्त चार प्रश्न विचारायचे: ठिपक्यांचा एकदम नवा वर्षाव आहे का, काजवे वाढले आहेत का, कडेने सावली किंवा पडदा आहे का, नजर काल होती तितकीच आहे का. चारही उत्तरे मनासारखी आली, की उद्या सकाळपर्यंत तो विषय बंद. मध्येच पाहावेसे वाटले, तर ती ओढ मान्य करायची, पण हातातले काम चालू ठेवायचे. यजमानांना विनंती केली, की रोज विचारू नका. काही वेगळे झाले तर मीच सांगेन. पहिले चार दिवस फार जड गेले. दहाव्या दिवशी मी रात्री तासभर पुस्तक वाचले, आणि वाचून झाल्यावर लक्षात आले, की त्या तासात चिलटाची आठवण झाली नव्हती.

सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत दृष्टिपटल ठीक होते. दुसऱ्या डोळ्यातही पुढेमागे हेच घडण्याचा संभव आहे, हे मला माहीत आहे. तेव्हाही मी तपासायला जाईन.

आता आपल्यासाठी चार शब्द. आपल्याला किंवा घरातल्या ज्येष्ठांना डोळ्यांपुढे अचानक नवे ठिपके, जाळे किंवा काजवे दिसू लागले, तर “वयाप्रमाणे होतं” हे वाक्य नेत्रतज्ज्ञांच्या तोंडून, बाहुली मोठी करून केलेल्या तपासणीनंतरच ऐका. शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा. पडदा आल्यासारखे वाटले, तर रात्र जाऊ देऊ नका. दुखत नाही म्हणून थांबू नका. मोठा मायनस नंबर, मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया, डोळ्याला पूर्वी लागलेला मार, दुसऱ्या डोळ्याचे किंवा घरातल्या कुणाचे दृष्टिपटल सुटल्याचा इतिहास, यांपैकी काही असेल तर विशेष जपा आणि ते डॉक्टरांना आपणहून सांगा. मधुमेह असणाऱ्यांना तांबूस किंवा काळसर धागे एकाएकी दिसले, तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो. त्यांनीही लगेच जावे. तपासणीनंतर काही तास धूसर दिसते आणि ऊन सोसत नाही, म्हणून सोबत कुणीतरी असावे आणि स्वतः वाहन चालवू नये.

या सावल्या विरघळवणारे थेंब किंवा गोळ्या नाहीत. मध, तूप, गुलाबपाणी डोळ्यांत घालू नका. त्याने जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो. काचद्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आहे, ठिपक्यांवर लेसर वापरण्याचा उपायही आहे. पण त्यांना त्यांचे धोके आहेत. शस्त्रक्रियेनंतर मोतीबिंदू लवकर होऊ शकतो आणि क्वचित दृष्टिपटलालाच इजा पोहोचते. म्हणून सावल्यांनी रोजचे जगणेच अडवले असेल तेव्हाच, तज्ज्ञांशी सविस्तर बोलून, तिकडे वळावे. बहुतेकांना काही महिन्यांत त्यांची सवय होते.

घरातल्या माणसांना दोन गोष्टी सांगते. “हे मनाचे खेळ आहेत” असे म्हणू नका. ती सावली खरी असते. आणि एकदा तपासणी झाली, की रोज चौकशीही करू नका. भीतीने झोप, जेवण, वाचन, बाहेर जाणे सुटत चालले असेल आणि काही आठवडे तसेच चालले असेल, तर आपल्या डॉक्टरांना सांगा. भीतीवरही उपचार आहेत आणि ते मागण्यात कमीपणा नाही. मी मागितले.

आता माझ्या मेजावर काचेखाली ते चार प्रश्न लिहिलेला कागद आहे. पन्नाशी ओलांडलेला कुणीही डोळ्यांपुढे काही दिसते म्हणाला, की बाहेर कितीही माणसे बसलेली असोत, मी मान वर करते आणि चारही प्रश्न विचारते. गुरुजी उरलेल्या चांगल्या डोळ्याने अजूनही रोज संध्याकाळी पत्नीला वाचून दाखवतात. हा लेख छापून आला, की तोही त्यांना वाचून दाखवायचा, असे त्यांनी मला बजावले आहे. त्यांची गोष्ट लिहू का, असे मी त्यांना आधी विचारले होते. ते म्हणाले, “लिहा. नऊ दिवस थांबू नका, हे ठळक लिहा.”

ते लिहिताना चिलट या ओळीवर आले होते. थोडे थांबले आणि खाली सरकले.